नाव शेवटीच येते

"घाई कायले भाऊ? नाव शेवटीच येते." गिटारच्या तारेला कान लावून आमचा गिटारवाला हे म्हणायचा आणि मग गायला लागायचा. आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. तेवढीच त्याची इस्टेट.

उमरखेडच्या एका पार्टीवाल्याने तीच लुटली. हा त्याच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा, गाणीही रचून द्यायचा. कॅसेट निघाली तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी नाव पार्टीवाल्याचं! जाब विचारायला गेला तर उत्तर मिळालं, "तुले गिटार वाजवाले ठेवलं, नाव मिरवाले नाही." वर हाकलून दिलं. असे साळसूद चोर तुम्हीही पाहिले असतील. माझं आजही रक्त उकळतं.

ढाणकीत माझं माईकचं दुकान आहे. हाकलल्यावर तो गिटार घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मले एकट्यालेच गायचं आहे. तू टेपात भरून घे."

"कुठं?"

"कापसाच्या रांगेत."

कापसाच्या हालाची वर्षं ती. खरेदी केंद्रावर गाड्या तीन-तीन दिवस जागच्या हलत नसत. माणसं चिडलेली, आंबलेली. एका बैलगाडीत कापसावरच बसून तो गायला. बैलांच्या घंटा, कुणाचा खोकला, सगळं टेपात आलंय. पण आवाज! अहो, एकटा माणूस आणि सहा तारा. प्रत्येक गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव ठणकावून घेत होता.

कुणीतरी चुगली केली असणार. शेवटच्या गाण्याला पार्टीवाला जीपमधून उतरला आणि माझ्या अंगावर धावला, "माईक बंद कर!"

मी भोंग्याचा आवाज वाढवला.

नावाची जागा आली आणि हा पठ्ठ्या थांबला. तारांवर हात ठेवून पार्टीवाल्याकडे बघत बसला. गाड्यागाड्यांवरून अख्खी रांग गिटारवाल्याचं नाव ओरडली.

दोन वर्षांनी दुसऱ्याच्या शेतात फवारणी करताना तो पडला, तो उठलाच नाही. गिटार त्याच्या आईकडे आहे, कॅसेट माझ्याकडे.

पार्टीवाला अजून गातो. गाऊ दे. पण ढाणकीत माईक माझा, आणि माईक तपासायला मी तीच कॅसेट लावतो. भर चौकात त्याचाच आवाज घुमतो, "माईक बंद कर!" आणि पाठोपाठ रांग ते नाव ओरडते. लोक हसतात. मी हसत नाही.

परवा पार्टीवाला हात जोडून आला. "आता तं पुरे कर न भाऊ. तो तं मेला."

"घाई कायले?" म्हणालो, आणि कॅसेट पुन्हा मागे फिरवली.