ग्रीक देवी आणि शनिवारची कामं

माझ्या नवऱ्याला लग्नाआधीचा एक मुलगा आहे, हे मला अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या आमच्या चौथ्या हिवाळ्यात, एका मंगळवारी संध्याकाळी कळलं. नवरा दारात बसून बुटांचा बर्फ झटकत होता, आणि झटकता झटकताच त्याने सांगितलं. मुलगा दहा वर्षांचा आहे, गावातच राहतो, त्याच्या आईशी लग्न वगैरे काही झालेलं नव्हतं. एवढं बोलून त्याने दुसरा बूट काढला. मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी करपली.

तोवर मी समजत होते की नवरा दर शनिवारी लॅबमध्ये जातो. मी त्याला डबा द्यायचे. तो डबा लायब्ररीच्या मागच्या बाकावर बापलेक मिळून खात होते. म्हणजे तीन वर्षं मी त्या मुलाला जेवू घालत होते आणि मला पत्ता नव्हता. मुलगा आहे याच्यापेक्षा या डब्याचा मला जास्त राग आला. निदान भाजीत मीठ कमी पडलं का, एवढं तरी कळवायचं.

"आता तो शनिवारी घरी आला तर चालेल का?" नवऱ्याने विचारलं. "तू म्हणशील तसं. नको म्हणालीस तर नाही आणणार."

माझा नवरा गणिती डोक्याचा माणूस. समोरच्याने काहीही उत्तर दिलं तरी आपण सुटावं, असा प्रश्न त्याला बरोबर मांडता येतो. नको म्हटलं असतं तर मी जन्माची वाईट, आणि हो म्हटलं असतं तर जन्माची मूर्ख. मी हो म्हटलं आणि मनात ठरवलं की पोराला येऊ दे, पण पुन्हा यावंसं त्याला वाटता कामा नये. दोन-तीन शनिवारांत त्यानेच बापाला सांगितलं पाहिजे की मला तिकडे नाही जायचं.

तो आला. पिंगट केस, आईचा गोरा रंग आणि माझ्या नवऱ्याचे जसेच्या तसे कान. दारात न सांगता बूट काढले. मला काय म्हणायचं, असं त्याने इंग्रजीत विचारलं. मावशी म्हणायला सांगितलं असतं, पण मावशी म्हणजे आईची बहीण, आणि त्या बाईची बहीण व्हायची माझी तयारी नव्हती. "काकू म्हण," मी म्हटलं. नवऱ्याने आक्षेप घ्यायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

पहिल्या शनिवारी मी ताटात लसूण-मिरचीचा ठेचा वाढला, चांगला चमचाभर. पोराचे डोळे भरून आले, नाक वाहिलं, तीन ग्लास पाणी झालं. मग त्याने पोळीचा तुकडा घेऊन ताट पुसलं आणि अजून आहे का, असं विचारलं. मी मनात म्हटलं, बापाचाच आहे.

तेव्हा मी कामं सुरू केली. माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकन मुलं शनिवारी सकाळी कार्टून बघतात. मी त्याच्या हातात बर्फ काढायचं फावडं दिलं. दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ त्याने काढला, वर शेजारच्या म्हातारीचाही काढून दिला. पुढच्या शनिवारी दोन पौंड लसूण सोलायला दिला. त्यानंतर दहा पौंड तांदूळ निवडायला दिले. इथल्या तांदळात एकही खडा नसतो, हे मला ठाऊक होतं. पोराने दोन तास शोधून एक खडा काढला आणि मला आणून दाखवला. तो कुठून आला, मला आजवर कळलेलं नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मी गॅरेज काढलं. आधीच्या भाडेकरूने तिथे तीन कुत्री पाळली होती, आणि त्या वासाचा प्रश्न आम्ही गॅरेजला कुलूप लावून सोडवला होता. मी कुलूप काढून त्याला आत पाठवलं. थोड्या वेळाने बघते तर त्याने बागेचा पाइप आत घेतला होता, मागचं दार उघडलं होतं, आणि सगळी घाण पाण्याबरोबर उतारावरून चालली होती.

"असंच त्यानेही केलं होतं," तो म्हणाला. "तबेले धुवायला त्याने नदी वळवली होती."

"कुणी?"

मग कळलं की शाळेत त्यांना ग्रीक देव चालू आहेत. प्रत्येक मुलाला एक-एक देव वाटून दिलेला, आणि त्याच्याविषयी वर्गासमोर उभं राहून बोलायचं. सगळ्या मुलांना नदी वळवणारा तो बलदंड वीर हवा होता. याच्या वाट्याला आली देवांच्या राजाची बायको, कारण बाकी कुणी तिला घेईना. ओल्या पायांनी स्वयंपाकघरात बसून त्याने मला सगळी हकीकत सांगितली. राजाला दुसऱ्या बाईपासून मुलगा होतो, तोच हा वीर. राणी पाळण्यात दोन साप सोडते, तर ते बाळ दोन्ही साप मुठीत धरून मारतं. मग राणी त्याच्या डोक्यात वेड घालते, त्यातून पुढे त्याला एकाहून एक कठीण कामं करावी लागतात. तो ती करत सुटतो आणि वर त्याचंच नाव होतं.

मी कणीक मळत होते. पोराच्या तोंडाकडे नीट पाहिलं. चेहरा एकदम कोरा होता. तसा कोरा चेहरा करणं हेही बापाचंच. त्याला काय कळलं होतं आणि काय नाही, हे मी आजही सांगू शकणार नाही.

"मला एक समजत नाही," तो म्हणाला. "चूक राजाची आहे. मग ती मुलावर का चिडते?"

"राजावर चिडून काय करणार?" मी म्हटलं. "सोमवारपासून पुन्हा त्याच्याशीच संसार करायचा असतो. ती बाई समोर नाही. समोर कोण आहे? मुलगा."

"पण मुलाने काय केलं?"

"काही नाही. तो आला, एवढंच."

हे त्याने वहीत उतरवून घेतलं. मी कणकेवर तेलाचा हात फिरवला आणि शेवटी काय होतं ते विचारलं. शेवटी वीर स्वर्गात जातो, राणीचा राग जातो, आणि ती आपली मुलगी त्याला देते, असं तो म्हणाला.

"देते म्हणजे?"

"लग्न लावून."

"शी! अरे, ती बहीण की त्याची!"

"ग्रीक्स आर वीअर्ड, काकू," तो म्हणाला. शेजारच्या खोलीत माझी दोन वर्षांची लेक झोपली होती. मी उठून तिच्या अंगावर पांघरूण घालून आले.

मधल्या काळात माझं एक नुकसान होत होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. शनिवारी दुपारी विद्यापीठातली दोन-चार मराठी मुलं जेवायला यायची, आणि मी कामं वाढवण्याच्या नादात याला वाढायला शिकवलं. मीठ-लिंबू कुठे, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. पहिल्यांदा 'नको' म्हणाले तर थांबायचं नाही, तिसऱ्यांदा म्हणाले तर अर्धंच वाढायचं. हे अमेरिकन मुलाला समजावणं सोपं नव्हतं, पण एकदा समजल्यावर तो कुणाचंही ऐकेना. सगळे उठले की तो आणि मी मागाहून ओट्याशी बसून जेवायचो. शुक्रवारी मी जास्तीचे तांदूळ काढून ठेवायला लागले होते. त्याला भात आवडायचा.

मग एका बुधवारी त्याची आई आमच्या दारात आली. शाळेत 'माझा शनिवार' असा निबंध होता. पोराने बर्फ, लसूण, तांदूळ, गॅरेज असं ओळीने लिहिलं होतं. वर्गाच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं.

मी मनात तिचं जे चित्र काढलं होतं त्यात बरीच लिपस्टिक होती. समोर उभी होती ती दवाखान्यातल्या नोकरीचे पांढरे बूट घातलेली, थंडीने नाक लाल झालेली, दमलेली बाई. आत यायला तयार नव्हती.

"तो दहा वर्षांचा आहे. तो तुमचा नोकर नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "या शनिवारी त्याने एक जरी काम केलेलं मला कळलं, तर तो परत येणार नाही."

झालं. हिवाळाभर ज्यासाठी खटपट केली ते तिने दारात आणून दिलं होतं. शनिवारी त्याच्याकडून एक भांडं घासून घेतलं की काम फत्ते.

"एकही काम देणार नाही. शब्द देते," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे गेलं आणि माझा मलाच संताप आला.

त्या शनिवारी आमच्याकडे पाडव्याचं जेवण होतं. पाडवा खरा गुरुवारी होऊन गेला होता, पण अमेरिकेत सगळे सण शनिवारीच येतात. तीस माणसं, दिवाणखान्यात चादरी अंथरून पंगत. श्रीखंडाचा चक्का मी आदल्या दिवशी नळाला टांगला होता. पोरगं आलं, बूट काढले, बाह्या वर केल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरलं.

"आज नाही," मी म्हटलं. "आज तू पाहुणा. बाहेर जाऊन बस."

मी त्याला पहिल्या पंगतीत, आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकूंच्या शेजारी बसवलं. त्याच्या ताटाभोवती रांगोळी काढली, त्याला पहिली पुरी वाढली. शब्द पाळल्याचं समाधान वाटून घ्यायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात दिसलं की पोरगं जेवत नाही. मान खाली, आणि थेंब थेंब पुरीवर पडतायत. ठेचा खातानाही असा रडला नव्हता.

मी वाकले. "काय झालं रे?"

"माझं काय चुकलं?" तो म्हणाला. "पाहुणे बसतात. तुम्ही आणि मी नाही बसत. आता मी पाहुणा का?"

श्रीखंडाचं पातेलं माझ्या हातात होतं. पाहुण्याला आपल्याकडे कुणी काम सांगत नाही; सांगतात ते घरच्याला. हे मला जन्मापासून माहीत. आणि मी या पोराला हाकलायला म्हणून पाच महिने कामं सांगत होते. मला माझी लाज वाटली. इतकी, की कान तापले.

"काही चुकलं नाही. ऊठ," मी म्हटलं आणि पातेलं त्याच्या हातात दिलं.

त्याने बाहीने नाक पुसलं, मी त्याला हात धुवायला पाठवलं, आणि तो वाढायला लागला. काकूंनी चष्मा वर केला. आजवर नवरा सगळ्यांना 'लॅबमधल्या मित्राचा मुलगा' असं सांगत आला होता.

"कुणाचा गं हा?" काकूंनी विचारलं.

नवरा भिंतीकडे बघायला लागला. गणित चालू होतं.

"ह्यांचा," मी म्हटलं. "माझ्या आधीचा."

मुलगा मराठी न कळून पुढच्या ताटाशी वाकला होता. काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कान तेच आहेत," त्या म्हणाल्या आणि लिंबू मागितलं.

पाच वाजता नवरा त्याला सोडायला गेला. ते पोचायच्या आत मी त्याच्या आईला फोन लावला. माझं इंग्रजी तेव्हा भाजी आणायपुरतं आणि या पोराशी बोलण्यापुरतं होतं, पण जे होतं त्यात सगळं सांगितलं. मी शब्द मोडला. त्याने आज दीड तास वाढलं आणि पातेली घासली. आधीची कामं मी त्याने येऊ नये म्हणून दिली होती, ते वाईट होतं, त्याची माफी मागते. आजचं काम दिलं कारण पाहुणा म्हणून बसवल्यावर तो रडला. त्याला थांबवू नका. तो यायला हवा आहे. मला हवा आहे.

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"पुढच्या शनिवारी त्याची दाढ काढायची आहे," ती म्हणाली. "बारा वाजतील यायला. आणि त्याला चावता येणार नाही."

मी म्हटलं, मऊ भात करून ठेवते.