बाबांनी पाहिलेली स्पर्धा

मी गोल्फ खेळून पोट भरते, हे रोह्यात कुणाला पटायचंच नाही. "म्हंजी नोकरी कुठं करतेस गो?" असं शेजारच्या बायका विचारायच्या.

बाबा नागोठण्याजवळच्या एका कंपनीच्या कॉलनीत माळी होते. तिथे साहेबलोकांसाठी गोल्फचं छोटं मैदान होतं, त्याचं गवत ते राखायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे. एका साहेबांच्या बायकोने सहज माझ्या हातात गोल्फची काठी, म्हणजे क्लब, दिला. बॉल सरळ, लांब गेला. बाईंनी मला शिकवायचं मनावरच घेतलं. पुढे त्यांच्या ओळखीने पुण्यात सराव, मग स्पर्धा, असं करत मी व्यावसायिक खेळाडू झाले.

बंगळुरू, कोलकाता, दिल्ली, कुठे कुठे खेळले. जिंकले एकदाच. तेव्हा घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "तिथलं गवत कसं व्हतं?" त्यांनी मला स्पर्धेत खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. स्पर्धा लांब असायच्या आणि त्यांना रजा मिळत नसे.

ते निवृत्त झाले त्या वर्षी पुण्यात स्पर्धा होती. इस्त्रीचा शर्ट घालून, पेणला एसटी बदलून ते आले. माझं डावं मनगट तेव्हा बरेच महिने दुखत होतं. डॉक्टर विश्रांती घे म्हणत होते. मी इंजेक्शन घेऊन खेळत होते. एवढा सीझन निघू दे, मग बघू, असं चाललं होतं.

सुरुवात छान झाली. बाबा प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडून माझ्याबरोबर चालत होते. अठरापैकी सातव्या होलला बॉल उंच गवतात गेला. मी जोर लावून मारला आणि मनगटात कळ आली. क्लब हातातून गळून पडला. पुढचा फटका मारायला गेले, तर मूठच वळेना. सोबतच्या मुलींचा निरोप घेऊन मी दोरीपाशी आले.

"संपलं?" बाबांनी विचारलं.

"व्हय."

"जितलीस का?"

अर्धीच सोडली, असं सांगून मी मनगट पुढे केलं. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"दुखतंय गो?" म्हणाले. घरी परतताना एसटीत, खोपोली गेल्यावर म्हणाले, "चांगली मारत व्हतीस. परत खेळशील तवा येन मी."

ऑपरेशन झालं. वर्षभराने परत उतरले, पण फटक्यात जीव राहिला नव्हता. प्रत्येक स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांतच बाहेर. बाबा येतो म्हणायचे आणि मीच, जरा सूर लागू दे, असं म्हणत राहिले. तो लागायच्या आत ते गेले. त्यानंतर मी खेळणं सोडलं.

आता मी पेणच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मुलींना लंगडी, खो-खो शिकवते. कुणी पाय मुरगळला म्हणाली की मी तिला लगेच बसवते. "बाई, थोडंसंच दुखतंय, खेळू द्या ना," म्हणून त्या रडकुंडीला येतात. मी ऐकत नाही. तो एक सीझन मी घरी बसायला हवं होतं. बाबांनी माझा एखादा बरा दिवस पाहिला असता.