प्रात्यक्षिकाच्या पाच गैरहजेऱ्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिच्यापासून लपवलेल्या माझ्या गोष्टी तशा दोनच, आणि पहिली तिला लग्नानंतर आठवड्यातच कळली. ही कळायचा मार्ग नाही, कारण कागदोपत्री ती घडलेलीच नाही. कागद मीच केलेत.

तसा मी स्वतःच्या फजित्या सांगण्यात पटाईत माणूस. नोकरीच्या पहिल्या दिवशी चुकीच्या वर्गात शिरलो आणि मराठी साहित्याच्या पोरांना पाऊण तास बँकेचे व्यवहार शिकवले — हे मी अजून साभिनय सांगतो. लोक पोट धरून हसतात. आणि हसवणाऱ्या माणसाची एक सोय असते बघा. त्यानं सांगितलेल्यावर लोक इतके खूश असतात, की त्यानं काय गाळलं हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

तर आधी थोडा राग काढू द्या. तो खरा आहे, पण कशासाठी काढतोय ते तुमच्या लक्षात येईलच.

जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी व्यवसाय व्यवस्थापन शिकवतो. आमच्याकडे पाच वर्षांची जोड पदवी आहे. पहिली तीन वर्षं बीबीए, पुढची दोन एमबीए, प्रवेश एकदाच. मधेच कंटाळा आला तर तीन वर्षांनी एक पदवी घेऊन घरी जायची मुभा. आणि वर तोंडी लावायला ऐच्छिक प्रमाणपत्रं. ऐच्छिक! परीक्षेच्या अर्जालाच प्रमाणपत्राचा अर्ज टाचलेला. तो भरल्याशिवाय खिडकीतला क्लार्क परीक्षेचा अर्ज हातात घेत नसे. कुणाची इच्छा? तपासणी समिती यायची होती, तिला जाडजूड फायली दाखवायच्या होत्या, ही ती इच्छा. कार्यालयीन शिष्टाचाराचं प्रमाणपत्र शिकवणारे आमचे सर तंबाखू मळत वर्गात शिरायचे. ‘नेतृत्वगुण’ शिकवणाऱ्या बाईंना प्राचार्यांसमोर शब्द फुटत नसे. आणि माझ्या वाट्याला आलं ‘द्राक्ष निर्यात व गुणवत्ता तपासणी’. मला द्राक्षाबद्दल काय माहीत होतं? ती गोड असतात, आणि कधीकधी नसतात.

प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरात छापलेलं, की निम्मं शिक्षण पॅकहाऊसमध्ये, प्रत्यक्ष कामावर. पॅकहाऊस म्हणजे जिथं परदेशी जाणारी द्राक्षं निवडतात, तपासतात, खोक्यात भरून गार करतात. आणि वेळापत्रकात प्रात्यक्षिकं होती कधी? ऑगस्टमध्ये! ऑगस्टात आमच्याकडे द्राक्षाच्या वेलीला पानं असतात हो, नुसती पानं. हंगाम जानेवारी ते एप्रिल, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. पण विद्यापीठाचं सत्र सत्राप्रमाणे चालणार, द्राक्षांनी बघून घ्यावं! मी तोंड उघडलं का? नाही. मी बस ठरवली.

गेलो. पॅकहाऊसला हे भलंमोठं कुलूप. आत राखणदार आणि कुत्रं, दोघांपैकी कुत्र्यालाच आमच्याबद्दल थोडी उत्सुकता. बस दिवसभराची घेतलेली, तीस पोरं खिडक्यांतून माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, चला लेण्याद्रीला. पायऱ्या चढलो, दर्शन झालं, उतरताना एका माकडानं माझ्या डोक्यावरची टोपी उचलली आणि कठड्यावर जाऊन बसलं. पोरं लोळायची बाकी राहिली. शेवटी एका मुलीनं डब्यातली केळी पुढे केली, शांतपणे टोपी सोडवून घेतली, झटकली आणि मला दिली. पायथ्याशी फोटो काढला. अहवालात त्या फोटोखाली मी लिहिलं — ‘निर्यात केंद्रास शैक्षणिक भेट’. एक प्रात्यक्षिक झालं. उरलेली चार तर मी खुर्चीतून न उठताच उरकली. हजेरीच्या कागदावर तीस नावांपुढे ‘उपस्थित’, की झालं.

टोपी आणणारी ती मुलगी म्हणजे ऋतुजा. पारगावकडची, ऊस-कांद्याच्या घरातली. खाऊनपिऊन सुखी माणसं. तिचे वडील बबनअण्णा प्रवेशाच्या वेळी मला म्हणाले होते, “सर, पाच वरसं शिकून ही नवं काय करनार ते मला उमजंना. तिसऱ्या वरसाला दोन महिने कामाला जाऊ द्या. जमलं तर पुढं शिकू दे, मी आडवा येनार न्हाई. न्हाई जमलं तर तीन वरसांचं सर्टिफिकीट घ्यायचं नि घरला यायचं.” ऋतुजानं मान डोलावली. तिला पाच वर्षं पुरी करायची होती. स्वतःचं पॅकहाऊस काढायचं होतं, आणि हे ती लाजत नाही तर ठासून सांगायची.

साहजिकच तिला माझं प्रमाणपत्र खरं वाटलं. वर्गातली ती एकटीच अशी.

द्राक्षाची गोडी मोजायचं एक यंत्र असतं. वीतभर लांब दुर्बिणीसारखं, काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. असं एक आमच्या विभागात होतं. कपाटात, डब्यात, डब्याला चिकटपट्टी तशीच. कपाटाची किल्ली माझ्याकडे, कारण डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे विभागाच्या सामानाच्या वहीत, सही माझी. फुटलं तर जबाबदार मी! म्हणून मी ते फळ्यावर काढून शिकवलं. चित्र बरं आलं होतं, रंगीत खडूचं.

ऋतुजा तास संपल्यावर आली. “सर, एकदा हातात द्या ना. फोडणार नाही.”

मी म्हणालो, “परीक्षेला येत नाही ते.”

ती पुन्हा आली. एकूण तीनदा आली असेल. तिसऱ्यांदा मी तिच्यावर वर्गात विनोद केला. म्हटलं, हिला यंत्र द्या, ही आपल्या वर्गातल्या पोरांची गोडी मोजणार आहे. सगळे हसले. ती खाली बसली.

तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत तिला आळेफाट्याच्या पुढं एका पॅकहाऊसमध्ये काम मिळालं. मालक शेठ, तीन पिढ्या इथलेच, व्यापारात मुरलेले. त्यांनी प्रमाणपत्र पाहून तिला घेतलं. महिनाभर तिनं कागदपत्रं अशी सांभाळली, की शेठ स्वतः फोन करून मला म्हणाले, “सर, तुमची पोरगी लई हुशार निघाली.” मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं. अर्थात ‘माझी’ पोरगी म्हणून.

मग एक दिवस गोडी मोजणारा नेहमीचा माणूस लग्नाला गेला आणि शेठनी यंत्र तिच्या हातात दिलं. प्रमाणपत्र होतंच की! त्या यंत्राला मागे एक बारीक स्क्रू असतो. मोजायच्या आधी साध्या शुद्ध पाण्याचा थेंब टाकायचा, आकडा शून्यावर नसेल तर स्क्रू फिरवून शून्यावर आणायचा. तो स्क्रू मी फळ्यावर काढलाच नव्हता. मलाच माहीत नव्हता. यंत्र दोन अंश जास्त दाखवत राहिलं आणि ती इमानेइतबारे लिहीत राहिली. गाडीभर कच्ची द्राक्षं पक्की म्हणून खोक्यांत गेली. दुसऱ्या दिवशी खरेदीदाराच्या तपासनिसानं सगळा माल नाकारला. चाळीसेक बायका दिवसभर खोकी फोडत बसल्या आणि येता-जाता एकमेकींना विचारत होत्या, “शिकल्याली कंची गं ती?”

दोन दिवसांनी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. आत शेठ, बबनअण्णा, ऋतुजा. शेठ चिडलेले नव्हते, याचीच मला जास्त भीती वाटली.

“सर, मला भांडायचं न्हाई,” ते म्हणाले. “पुढच्या हंगामाला तुमचीच आणखी तीन पोरं घेनार व्हतो. येवढंच सांगा — हे यंत्र तुमी हिच्या हातात दिलं व्हतं का न्हवतं?”

एक ‘नव्हतं’ म्हणायचं होतं. किती वेळ लागतो? माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती, हे खरं. पण हे मी तुम्हाला का सांगतोय? ते तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतंच. डोक्यात एवढंच होतं, की हे लोक माझ्याकडे बघतायत आणि या वेळी कुणी हसत नाहीये.

“दिलं होतं,” मी म्हणालो. “सगळ्यांच्या हातात दिलं होतं. हीच प्रात्यक्षिकाला नसायची.”

ऋतुजानं आधी मागं वळून बघितलं. आपल्यामागे दुसरं कुणी उभं आहे की काय, असं. मग म्हणाली, “सर? मी एकही दिवस चुकवला नाही. लेण्याद्रीला होते ना मी. माकडाकडनं तुमची टोपी कोणी सोडवली?”

शेठना हसू आलं. मला घाम.

“ती सहल होती,” मी म्हणालो. “प्रात्यक्षिक वेगळं.”

“हजेरी आणा,” प्राचार्य म्हणाले.

मी शेजारच्या खोलीत गेलो. शिपाई केबिनमध्ये चहा घेऊन जात होता. मी कोरा कागद घेतला, तीस नावं लिहिली. एकोणतीस नावांपुढे पाचही दिवस ‘उपस्थित’, एका नावापुढे पाचही दिवस ‘गैरहजर’. खाली सही, सहीखाली ऑगस्टची तारीख. नवा दिसू नये म्हणून कागद दोनदा चुरगाळला. जुना फाडून खिशात टाकला. परत आलो तेव्हा चहा अजून गरम होता.

प्राचार्यांनी कागद पाहिला. ज्या अहवालावर लेण्याद्रीचा फोटो होता, त्याच अहवालावर त्यांची सही होती. सगळं ठाऊक होतं या माणसाला! त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि ‘पाहिले’ असं लिहून सही ठोकली. त्या सहीची चीड मला आजही येते. पण बघा, मी पुन्हा दुसऱ्याकडे बोट करायला लागलो. त्यांना सही करायला कागद कुणी दिला?

“मग गैरहजर मुलीला प्रमाणपत्र कसं मिळालं?” शेठनी विचारलं. व्यापारी माणूस, फट बरोबर दिसते.

इथं मी सापडायला हवा होतो. सापडलो असतो तर बरं झालं असतं. पण माझी जीभ अशा वेळी फार झकास चालते. किस्से सांगून सांगून तयार झालेली.

“रडत आली होती हो,” मी म्हणालो. “वडील शिक्षण बंद करतील म्हणाली. दया आली.”

ती रडत आली नव्हती. ती तीनदा आली होती आणि तिन्ही वेळा नीट उभं राहून मागणं मागत होती. केबिनमध्येही ती रडली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती. ती वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिथं काय ठरतंय ते.

बबनअण्णांनी टोपी काढून हातात घेतली. “पोरीचं चुकलं, सर. तुमी उपकार केलं, तुमचंच नाव खराब झालं.” मग तिला म्हणाले, “चल.”

तीन वर्षांची पदवी घेऊन ती बाहेर पडली. जाताना ना-हरकत फॉर्मवर विभागाची सही लागते, त्यासाठी माझ्यासमोर यावंच लागलं. फॉर्म टेबलावर ठेवला. मी सही केली आणि फॉर्म सरकवला. तिनं तो परत माझ्याकडे सरकवला.

“सर, तारीख राहिली,” ती म्हणाली. “आजची घाला.”

घातली.

त्या संध्याकाळी मी कपाट उघडलं, यंत्राची चिकटपट्टी काढली. आत घडी केलेला कागद होता. पहिल्याच ओळीत लिहिलेलं — आधी शून्य तपासा. मी कागद घडी करून ठेवला, पट्टी परत लावली आणि कुलूप घातलं. पुढच्या बॅचलाही फळ्यावरच शिकवलं. हो, आता स्क्रूसकट. समितीनं माझ्या प्रमाणपत्राचं कौतुक केलं. माझी नोकरी कायम झाली. माकडानं टोपी पळवल्याचा किस्सा मी दरवर्षी नव्या पोरांना सांगतो, आणि टोपी परत कशी आली ते सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आळेफाट्याला एका हॉटेलात बसलो होतो, तर समोर बबनअण्णा. नाशिकच्या गाडीची वाट बघत होते. मला पाहून उठले, वाकून नमस्कार केला, नको नको म्हणताना चहा सांगितला. ऋतुजा घरीच असते म्हणाले, कांद्याचं सगळं तीच बघते. कामाला बाहेर पाठवलं नाही पुन्हा.

“पर एक खोड हाय तिला,” ते म्हणाले. “आजून म्हनती, सर खोटं बोलले. येवढी वरसं झाली, राव, सोडतच न्हाई. मी गप बसवतो. म्हनलं, ज्यानं दया केली त्याच्यावर आळ घ्यायला लाज वाटत न्हाई का तुला?”

हॉटेलात गर्दी नव्हती. समोर ते एकटे होते, आणि गाडी यायला वेळ होता. मी चहा प्यालो. चहा चांगला आहे म्हणालो.

गाडी आली. त्यांच्या पिशव्या जड होत्या, मी त्या वर चढवून दिल्या, खिडकीशी जागा धरून दिली. गाडी सुटताना त्यांनी आतून हात जोडले. मीही जोडले.