वरची पाखरं

एरंडोलजवळचे रुपचंद नाना डोळे गेल्यावरही आवाजाच्या रोखानं गोफण मारून, कानांनी ज्वारी राखतात. मी हुबेहूब होल्या पाखरासारखा घुमलो, तर म्हणाले, "होला नई, तू शेस."

त्यांचे चिरंजीव प्रेमराजकाका म्हणाले, "नाना एकदा चुकले की गोफण काढून घेतो. कुणाचं डोकं फुटायचं."

म्हणून त्यांच्या कानांची परीक्षा घ्यायला पहाटे शेतात मी मोबाईलवर अंतराळयानाने टिपलेल्या लहरींचा आवाज लावला. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या त्या लहरी, पण अगदी पाखरांचा चिवचिवाट.

नानांनी गोफण उचललीच नाही. "हाई पाखरू नई शे."

मी खजील होऊन मोबाईल बंद केला. नाना आभाळाकडे तोंड करून ऐकतच राहिले.

"नाना, बंद केलं."

"तुनं बंद व्हयनं," ते हळूच म्हणाले. "वरनं चालूच शे."

शेजारी उभ्या प्रेमराजकाकांनी गोफण मागितली नाही. तेही वर बघत होते.