बेप्पूचं पाणी

आखातातल्या रोल्ला भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत दत्तप्रसाद केळसकर जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सहली विकायचे. बेप्पूला उतरायचं कुठे, काय बघायचं, सगळं तोंडपाठ. "गरम पाणीच ना? घरी गीझर आहे की!" असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "गीझरच्या पाण्याला गंधकाचा वास येतो? अंग दोन दिवस मऊ राहतं?" तुम्ही स्वतः गेलायत का, हे कुणी विचारलंच नाही.

२००९च्या मार्चमध्ये डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत राहणाऱ्या अस्मिता वैद्य बेप्पूचं बुकिंग रद्द करायला आल्या. नवऱ्याची नोकरी गेली होती, आता कायमचं पुण्याला परतायचं होतं.

"खलास, केळसकर. पण जाता जाता एकदा सांगा ना, कसं असतं ते पाणी?"

त्या दिवशी मात्र केळसकरांना खोटं बोलवेना. "मॅडम, मी जपान पाहिलेलंच नाही. सांगतो ते सगळं आमच्या गावचं, दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचं. आईचे गुडघे दुखायचे, तिला रोज तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचो."

अस्मिता तडक उठून गेल्या. बाई दुखावल्या, असंच केळसकरांनी धरलं.

मे महिन्यात, मंदीमुळे एजन्सीही बंद व्हायच्या आदल्या दिवशी अस्मितांचा मेल आला. फोटोत अख्खं वैद्य कुटुंब उन्हवऱ्याच्या कुंडात पाय सोडून बसलं होतं. खाली लिहिलं होतं, "बेप्पूला पोचलो. उतरायचं कुठे?"

केळसकरांनी तिथल्या तिथे गावी भावाला फोन लावला. "पाहुणे आलेत. आईची खोली उघड."