शनिवारचे पाय, रविवारचे पाय

माझी मुलगी नाचायला लागली ती दुधाच्या कॅनच्या आवाजावर. लोहाऱ्यातल्या आमच्या दूध संस्थेचा मी सचिव होतो. संध्याकाळचं दूध गाडीत चढलं की उरलेले कॅन धुऊन फरशीवर पालथे घालायचे, आणि त्या वेळी झाकणांचा जो खणखणाट व्हायचा त्यावर ती चार वर्षांची पोर पाय आपटत फिरायची. दूध घालायला आलेली माणसं रिकामी किटली हातात धरून बघत उभी राहायची. एक म्हातारा मला म्हणाला होता, "सचिवसाहेब, हिला कुठंतरी शिकायला घाला. न्हाय तर संस्थेची फरशी फुटंल."

कुठं घालणार? लोहाऱ्यात भजन शिकवणारे होते, लेझीम शिकवणारे मास्तर होते. नाच म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तमाशा यायचा. पण ती सात वर्षांची झाली तेव्हा मला कळलं, की जिल्ह्याच्या गावी, बसच्या पाटीवर उस्मानाबाद आणि आमच्या तोंडी धाराशिव, पाटबंधारे खात्यात एक इंजिनिअर बदलून आलेत. त्यांची बायको दक्षिणेकडची, भरतनाट्यम शिकलेली. शनिवारी दुपारी ती क्वार्टरच्या व्हरांड्यात अधिकाऱ्यांच्या मुलींना शिकवते. मी एक दिवस जाऊन भेटलो. बाई मोडक्या मराठीत म्हणाल्या, "इतक्या लांबून येणार? दर शनिवारी येणार की फक्त फर्स्ट डे?" मी म्हणालो, "बाई, आम्ही दूधवाले. एक दिवसही खाडा होत नाही."

बोलून तर आलो, पण न्यायचं कुणी? गाई-म्हशींना रविवार नसतो. सकाळ-संध्याकाळ मला काट्यापाशी उभं राहावंच लागे. बायकोच्या मांडीवर आमचा धाकटा होता. मग हे काम आक्काकडं आलं.

आक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर धाराशिवहून तुळजापूरला जाताना लागणाऱ्या एका खेड्यात. मूलबाळ नव्हतं, नवरा गेला, तेव्हा मी तिला आमच्याकडं घेऊन आलो होतो. घरातलं निम्मं काम तिच्या अंगावर असायचं आणि बोलणं तिखट. मी पोरीला धाराशिवला न्यायचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला काय, एसटीत बसायचं. पण नाचणारी ही आन् पाय दुखायचे माझे."

शनिवारची शाळा सकाळची. ती सुटली की दोघी दुपारच्या गाडीनं निघायच्या. बाईंकडं क्लास, मग आमच्या मावसभावाकडं मुक्काम, रविवारी सकाळच्या गाडीनं परत. पोर नऊ-साडेनऊला घरी आली की उड्या मारत सगळ्यांना शिकवायची. आक्काचा पदर धरून तिलाही अर्धं खाली बसायला लावायची. आक्का म्हणायची, "आगं, असं अर्धं बसून म्या जलमभर भाकरी थापल्या. मला कशाला शिकवतीस?"

वर्षभर हे छान चाललं. मग मी त्यात माझी अक्कल घातली.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या पिढीच्या हाडांत गेला होता. ज्यांचं सगळं एका विहिरीवर होतं ते उघडे पडले, ज्यांच्या दारात दोन जनावरं होती ते तगले. दूध संस्थेच्या सभेत मी हेच सांगायचो. एका पिकावर राहू नका, जोडधंदा धरा. इतकं सांगायचो, की ते माझ्या सगळ्याच विचारात शिरलं. इंजिनिअर म्हणजे सरकारी माणूस, आज ना उद्या बदली होणार. बाई गेल्या की पोरीचं काय? तशात दूध संघाच्या बैठकीला सोलापूरला गेलो असताना एका माडीवरून तबल्याचा आवाज आला. वर जाऊन बघतो तर एक वयस्कर गुरुजी मुलींना कथक शिकवत होते. रविवारी सकाळी. मला वाटलं, ही आपली दुसरी विहीर.

गुरुजी पैसे घेत नसत. सुगीला ज्वारीचं एक पोतं आणून टाका म्हणाले. मी त्यांना बाईंचं सांगितलं नाही आणि बाईंना गुरुजींचं. एका गुरूचा गंडा बांधला की दुसऱ्याच्या दारात जाऊ नये, एवढं मला माहीत होतं. आक्काला मात्र हे पटलं नाही. "फसवायचं कशाला? दोघास्नी सांग की."

"रागावतील."

"मग एकच धर."

"आक्का, एका विहिरीवर..."

"आरं, लेकरू हाय का शेत हाय तुजं?"

मी हसण्यावारी नेलं. आता दोघींची फेरी मोठी झाली. शनिवारी दुपारी लोहारा ते धाराशिव, रविवारी पहाटे धाराशिवहून तुळजापूरमार्गे सोलापूर, क्लास झाला की नळदुर्गावरून संध्याकाळी घरी. पोर यायची ती एसटीतच झोपलेली, आक्काच्या खांद्यावर. सोमवारी शाळेत मास्तर ओरडायचे.

आणि पायांची निराळीच भानगड होती. बाईंना गुडघे बाहेर वाकवून अर्धी बैठक लागायची, गुरुजींना सरळ ताठ पाय. बाईंकडं गुडघे जरा सरळ झाले की दांडकं फळीवर आपटायचं, गुरुजींकडं जरा वाकले की तबला थांबायचा. आक्काला नाचातलं काही कळत नव्हतं, पण हे बरोबर कळलं होतं. रविवारी पहाटे धाराशिवच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना ती पोरीला समोर उभी करायची आणि म्हणायची, "चल, शनिवारचे पाय काढ. रविवारचे घाल." पोर खाली वाकून पायातले मोजे काढल्यासारखं करायची, मग दुसरे चढवल्यासारखं. मग आक्का तिचा अंबाडा सोडून वेणी घालायची, कारण गुरुजींना वेणी लागे. हे मला कंडक्टरनं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या आक्का म्हणजे एक नाटक हाय, सचिवसाहेब. सगळं स्टँड बघतंय." मला फार कौतुक वाटलं. पोरीचा चेहरा कसा असायचा, हे मी त्याला विचारलं नाही.

आता जे लिहायचं त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

दिवाळीच्या आधी एके संध्याकाळी दुधाचं संकलन चालू होतं. रांग होती. मी लॅक्टोमीटर बुडवून एकेकाच्या दुधाची डिग्री बघत होतो. मान वर केली तर रांगेत माझी मुलगी उभी. हातात भातुकलीतली किटली, रिकामी. तिच्या पुढं दोन माणसं होती, ती नीट त्यांच्या मागं उभी होती. घरात मी कधी सापडत नव्हतो. रांगेत उभं राहिलं की सचिव प्रत्येकाचं ऐकतो, हे तिनं रोज बघितलं होतं. तिची पाळी आली. ती म्हणाली, "अण्णा, मला रविवारचं नको."

"काय नको?"

"सोलापूरचं. शनिवारचं पाहिजे. रविवारचं नको."

मागच्यांना हसू फुटलं. मलाही शाब्बासकी मिळवायची हौस. मी म्हणालो, "पाऊस जास्त झाला म्हणून कुणी परत पाठवतं का? चला, पुढचं दूध आणा." सगळे आणखी हसले. ती किटली घेऊन बाजूला झाली. आमच्या घरचं दूध घेऊन आक्का तिच्या मागंच रांगेत उभी होती. तिनं कॅन काट्यावर ठेवला, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि पोरीचा हात धरून गेली.

पुढं काही महिने मुलगी रविवारची हसत घरी येऊ लागली. झोपाळलेली नाही, ताजी. मी बायकोला म्हणालो, "बघ, सवय झाली."

सुगी झाली. मी ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावर टाकून सोलापूरला गेलो. जिन्यावरून वर नेलं. गुरुजी पोत्याकडं बघत राहिले. "हे कशाचं? मुलगी दिवाळीपासून आलीच नाही. मला वाटलं, तुमची बदली झाली."

दुपारी घरी पोचलो तेव्हा आक्का अंगणात शेंगा फोडत होती. शेजारच्या बायका सोबत होत्या. मी त्यांच्यापुढंच विचारलं.

"व्हय," आक्का म्हणाली, "न्हाय नेलं. तुळजापूरच्या आदीच उतरत हुतो."

"का?"

"मला एसटी लागती. ओकाऱ्या व्हत्यात. माझ्यानं न्हाय व्हत."

सबंध आयुष्यात आक्काला एसटी लागली नव्हती. मला ते माहीत होतं. रांगेतली रिकामी किटलीही मला त्याच क्षणी आठवली होती. पोरीनंच नको म्हटलं म्हणून नेलं नाही, असं आक्काला सहज म्हणता आलं असतं. ती पोर दाराआड उभी होती, तिच्यावर मी चिडू नये म्हणून तिनं ते म्हटलं नाही. आणि हे सगळं कळत असताना मी आक्काला म्हणालो, "तुला स्वतःचं लेकरू असतं तर कळलं असतं, किती नुकसान केलंस."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. शेजारणी उठून गेल्या. आक्का म्हणाली, "च्या टाकू का? उन्हातनं आलायस."

त्यानंतर शनिवारी धाराशिवला जाणाऱ्या एका ओळखीच्या शिक्षिकेबरोबर मी पोरीला पाठवू लागलो. रविवारी सकाळचं संकलन दुसऱ्यावर सोपवून स्वतः तिला सोलापूरला नेलं. तीन-चार खेपा झाल्या. ती गाडीत खिडकीबाहेर बघत बसायची. मग मीच थकलो आणि सोलापूर बंद केलं. दोन वर्षांनी इंजिनिअरसाहेबांची बदलीही झाली. तेव्हा मी आक्काला ऐकवलं, "बघ, मी म्हणत नव्हतो?" तोवर मुलीचे पाय पक्के झाले होते. पुढं पुण्याला कॉलेजात गेल्यावर तिनं भरतनाट्यमच धरलं, आज ती शिकवते. पण घरात एक गोष्ट कायमची झाली, की आक्कानं पोरीचं कथक बुडवलं. हळूहळू त्याचा विनोद झाला. कुणी काम अर्धवट सोडलं की आमच्याकडं म्हणतात, "तुळजापूरला उतरला." आक्काच्या तोंडावर म्हणायचे. तीही हसायची. आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली, विनोद राहिला.

गेल्या महिन्यात धाकट्याकडं पुण्यात होतो. त्याची मुलगी आठ वर्षांची, बॅले शिकते. शनिवारी एका ठिकाणी, रविवारी दुसऱ्या. आता शनिवारी आणखी गणिताच्या एका परीक्षेचा क्लास निघाला आहे, तर कुठली वेळ कुठं बसवायची, कोण सोडणार, कोण आणणार, यावर घरात खल चालला होता. माझी मुलगीही आली होती. सून हसून म्हणाली, "ताई, तुम्ही नेता का? पण आक्काआत्यांसारखं तुळजापूरला उतरू नका म्हणजे झालं."

सगळे हसले. मी म्हणालो, "थांबा." आणि रांग, किटली, अंगणात बोललो ते वाक्य, सगळं सांगितलं. सून खाली बघत राहिली. मुलानं नातीला जवळ घेऊन विचारलं, "तुला यातलं काय नको?" ती विचार करून म्हणाली, "गणिताचा क्लास." त्यावर परत हसू झालं, आणि मला जरा श्वास घेता आला.

मुलगी मात्र हसली नव्हती. नंतर आम्ही दोघंच बाल्कनीत बसलो तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, आम्ही कुठं जायचो हे तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"देवळात बसत असाल."

"नाही. अलीकडं एका फाट्यावर उतरायचो. तिथं पाझर तलाव आहे. आत्या सांगायची, दुष्काळात ती आणि तिचा मालक तिथं खडी फोडायला होते. तो फोडायचा, ती पाटीनं वाहायची. बांधावर कुठं बसून भाकरी खायचे ती जागा तिनं मला दाखवली होती. तिथं बसून ती हातात दोन दगड घ्यायची आणि बाईंसारखा ताल धरायची. मी नाचायचे. शनिवारचं सगळं तिला करून दाखवायचे. ती मधूनच नवऱ्याच्या गोष्टी सांगायची. किती भांडायचा, किती हसवायचा. घरी मी तिच्या तोंडून त्याचं नाव कधी ऐकलं नाही."

मीही ऐकलं नव्हतं.

"पहिल्यांदा ती माझ्यासाठीच उतरली," मुलगी म्हणाली. "पण नंतर शनिवार आला की तिचीच घाई असायची. उद्याला जायचंय म्हणायची."

मी तिला सासरहून आणलं तेव्हा तिचं सामान मीच बैलगाडीत भरलं होतं. आपण बहिणीला सांभाळलं, याचा मला अभिमान होता. आल्यावर परत तिकडं जावंसं वाटतं का, असं मी तिला एकदाही विचारलं नाही. शनिवार-रविवार पोरीला नेण्याच्या निमित्तानं तिला ती वाट सापडली होती, आणि ती मी बंद केली. लेकरू असतं तर कळलं असतं, असं म्हणून.

मुलीनं माझ्या हातावर हात ठेवला. मी विचारलं, "कुठला फाटा?"

"बघितला की ओळखेन," ती म्हणाली.