पप्पांचा नंबर आणि आतलं क्षितिज

पुण्याहून आलेला फोन पप्पांनी घेतला आणि माझ्या वतीने नाही सांगून टाकलं. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, तेही चहा बशीत ओतता ओतता.

"अरे हौ, काल ते पुण्याचे लोक होते. पीएचडीची सीट निघाली म्हणे वेटिंगमधून. मी म्हटलं, नाही जी, पोरगी बी.एड. करणार आहे."

बी.एड.चं मी कधी कोणाजवळ बोलले नव्हते. पुण्याच्या सीटची मात्र मी तीन महिने वाट पाहत होते.

आमच्याकडे मुलींच्या फॉर्मवर बापाचा नंबर असतो. शाळेच्या पहिल्या फॉर्मपासून. फॅक्टरी क्वार्टरच्या आमच्या लायनीत सगळ्याच मुलींचं असं आहे. मुलीचा नंबर कुठे कुठे फिरेल, काय सांगावं. माझ्याकडे स्वतःचा फोन अकरावीपासून आहे. तरी पुण्याचा अर्ज भरताना बोटांनी पप्पांचाच नंबर दाबला, विचारसुद्धा न करता.

पप्पा फॅक्टरीत तोफगोळ्यांच्या चाचणीवर आहेत. गोळे सुटतात त्या दिवशी आमच्या खिडक्या थरथरतात आणि घरात कोणी मान वर करत नाही. आई फक्त शोकेसमधले कप मागे सरकवते. लहानपणी त्यांनी अंगणातल्या फरशीवर खडूने एक वाकडी रेघ काढून मला दाखवली होती. वेग माहीत, कोन माहीत, हवा माहीत, मग गोळा कुठे पडणार हे तो सुटायच्या पहिलेच ठरलेलं. मी फिजिक्स घेतलं ते त्या रेघेमुळे. हे मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच सांगणार नव्हते.

मला राग आला की तो इंग्रजीत येतो आणि घशात राहतो. घरात मी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. त्या दिवशी कसं कोण जाणे, मराठीतच तोंड उघडलं.

"काहून सांगितलं तुम्ही?"

"काहून म्हणजे? पुण्याला जाशील. दोन वर्षं हॉस्टेलचं खाशील. मग कंटाळशील, वापस येशील, अन् बी.एड. करशीलच. तं आत्ताच कर ना. मला दिसून राहिलं सगळं."

आमच्या घरात कुंडली नाही. आम्ही बौद्ध, आणि पप्पांना या गोष्टीचा अभिमान आहे. कोणी पाहुणा पत्रिकेचं बोलला की ते त्याला चहा थंड होईपर्यंत सुनावतात. पण माझं पुढचं आयुष्य त्यांना तोंडपाठ असतं. ग्रहांची गरज नाही. मुलगी, लाजाळू, इंग्लिश मीडियम, जबलपूर. वेग, कोन, हवा.

"तुम्हाला नाही दिसत," मी म्हटलं. "मी एम.एस्सी.ला दोन वर्षं ज्याच्यावर काम केलं ना, ते हेच आहे. कुठून पुढे दिसत नाही, ते."

"ब्लॅक होल," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "गॅसवरचं दूध हिला दिसत नाही, अन् ब्लॅक होलच्या आतलं दिसते."

पप्पा हसले. पण त्या हसण्याने मी थांबले नाही.

मी त्यांना सांगितलं की फिरणाऱ्या ब्लॅक होलला दोन क्षितिजं असतात. पहिलं सगळ्यांना माहीत आहे, आत गेलं की बाहेर येणं नाही. पण त्याच्या आतही गणित चालूच असतं. बाहेरची सुरुवातीची सगळी माहिती हातात असेल, तर आत पडणाऱ्याचं पुढे काय होणार हे सांगता येतं. मग आणखी आत दुसरं क्षितिज येतं. त्याच्या पलीकडे सापेक्षतेची समीकरणं चालतात, पण एकच उत्तर देत नाहीत. सुरुवातीचा एकही आकडा चुकलेला नसला तरी पुढच्या अनेक गोष्टी त्या आकड्यांत बसतात. कारण सुरुवातीच्या माहितीत जे नव्हतंच, तेही तिथे येऊन पोचू शकतं.

"म्हणजे तुमचं माप कमी पडलं," पप्पा म्हणाले. "हवा नीट मोजली नाही की आमचाही गोळा भटकते."

"नाही. सगळं मोजलं तरी."

"मग ते गणित चुकलेलं आहे."

"गणित बरोबर आहे, पप्पा. उत्तर एक नाही, बस."

"असं कुठं असते काय!"

हेच मला आमच्या सरांनीही विचारलं होतं, राइट टाउनमधल्या आमच्या कॉलेजात, जरा सभ्य भाषेत. हे शास्त्रज्ञांनाही आवडत नाही. म्हणून त्यांचा एक तर्क आहे. बाहेरून आत येणारा प्रकाश त्या दुसऱ्या क्षितिजाशी इतका बेसुमार तीव्र होतो, की ते क्षितिज टिकतच नसेल. जो तिथवर जाईल त्याचा चुरा होईल, आणि भाकीत सुरक्षित राहील. मी हा तर्क पहिल्यांदा वाचला तेव्हा लायब्ररीत बसून मला भयंकर राग आला होता. कागदावरच्या गोष्टीचा इतका राग येणं बरोबर नाही, हे कळत होतं. पण मला तो सूर ओळखीचा वाटला. पुढचं सांगता येत नाही, तर पुढे जाणाराच उंबऱ्यावर मोडू दे. गणित मात्र त्यांना पुरती साथ देत नाही. तिथे चुरा होतो की नुसता एक जबर धक्का बसतो आणि माणूस पलीकडे जातो, हा वाद मिटलेला नाही. मला त्याच वादावर काम करायचं होतं. पुण्यात. त्या सीटवर.

"फोन द्या तुमचा," मी म्हटलं.

"काय करतेस?"

"द्या."

मी अनोळखी माणसाला फोन करत नाही. गॅसचं बुकिंगसुद्धा आई करते. त्यांच्या फोनमध्ये कालचा नंबर शोधला, आणि तिथेच, पप्पांच्या समोर, माझ्या फोनवरून लावला. पलीकडच्या बाईंना मी नाव आणि अर्जाचा क्रमांक सांगितला.

"पण तुमच्या वडिलांनी नको म्हणून कळवलंय," त्या म्हणाल्या.

"त्यांनी कळवलंय. मी आता कळवते आहे. मला सीट हवी आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. आई ओट्यापाशी उभी होती, पप्पा बशीकडे पाहत होते. यादीतल्या पुढच्या मुलाला अजून विचारलेलं नाही, बाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत स्वतः मेल करा. "आणि संपर्काला हाच नंबर घेऊ का?"

"हाच घ्या," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला.

पप्पा रागावून उठून गेले असते तर बरं झालं असतं. ते चहा प्यायले आणि ड्यूटीवर गेले.

पुढच्या आठवड्यात आम्ही बड्या फुहाऱ्याच्या बाजारात बॅग घ्यायला गेलो. दुकानदार ओळखीचा. बिटिया कहाँ चली, त्याने विचारलं. पप्पांनी छाती फुगवली.

"पूना. ब्लॅक होल पे रिसर्च करेगी. मुझे तो पहले से पता था भैया, ये जाएगी."

माझ्या कानांतून वाफ निघाली. एरवी मी अशा वेळी चपलेकडे पाहते. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

"नाही," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुम्हाला माहीत नव्हतं, पप्पा. तुम्ही नाही म्हणून सांगितलं होतं."

पप्पांचा चेहरा उतरला. ते लटकवलेल्या बॅगांच्या किमती उलटून बघू लागले. दुकानदाराने माझ्यापुढे निळी बॅग सरकवली.

"दीदी, चेन चला के देख लो."

मी चेन चालवून पाहिली. नीट लागली.